दोन पिशव्या

आमच्या मामांचा फोन आला आणि "येताना दोन पिशव्या घेऊन ये" एवढेच सांगून त्यांनी तो ठेवून दिला, की आमच्या घरी तर्क सुरू होत. पिशव्या पुस्तकांसाठी की मातीसाठी? पुस्तकांसाठी असल्या तर मी कुठल्या तरी रद्दीवाल्याकडे जायचे, मामांनी बाजूला काढून ठेवलेला गठ्ठा उचलायचा आणि घामाघूम होत मामांच्या घरी नेऊन टाकायचा. मातीसाठी असल्या तर मामांच्या घरून रोपे, कलमे, कंद आणि त्यांच्या जोडीला घमेलेभर माती उचलायची आणि आमच्या चिंचोळ्या बाल्कनीत आणून उतरवायची. पुस्तके मामांकडे जात आणि झाडे मामांकडून येत. वीस-बावीस वर्षे हा व्यापार चालू होता आणि त्याची दिशा एकदाही उलटली नव्हती.

या सदराच्या वाचकांना मामा अगदीच अनोळखी नाहीत. एरवी ते एखाद्या ओळीत डोकावतात आणि निघून जातात. आठवड्याच्या एका पानात त्यांना बसवणे म्हणजे वडाचे झाड कुंडीत लावण्यासारखे आहे. दिवाळी अंकात संपादकांनी जागा ऐसपैस दिली आहे, म्हणून आज त्यांना सबंध आणतो.

माणसाला एखादे व्यसन असावे, असे आपण म्हणतो. मामांना दोन आहेत, आणि ती एकमेकांची सवत शोभतील अशी आहेत. मृगाचा पहिला पाऊस पडला की बागेत सण असतो. सोनटक्क्याला कोंब येतात, तेरडा आपला आपण उगवतो, जाईजुईच्या वेलांना रात्रीत वीतभर शेंडा फुटतो. नेमक्या त्याच दिवसांत पुस्तकांच्या कपाटात सुतक. पानांना ओल येते, पुठ्ठ्यांवर बुरशीची पांढरी साय धरते, आणि मामा रात्री उठून कपाटात कापराच्या वड्या ठेवत हिंडतात. चैत्र-वैशाखात उलटा प्रकार. पुस्तके कशी कुरकुरीत, खणखणीत. आणि बाहेर मोगरा तेवढा खुशीत, बाकी सगळी बाग जिभा बाहेर काढून पाण्याची वाट पाहत असलेली. "यांचं बारा महिन्यांपैकी बारा महिने कोणीतरी आजारी असतं," असे मामी म्हणतात, ते उगाच नव्हे.

दोन्ही घरांचा वैद्य मात्र एकच होता, तो म्हणजे कडुनिंब. त्याची निंबोळी पेंड कुंड्यांत आणि सावलीत वाळवलेला पाला पुस्तकांत. वाळवी दोन्हीकडे लागते. पण गुलाबावर मावा पडतो तशी पुस्तकाला कसर लागते, आणि मामांच्या हिशेबी कसर ही जास्त नीच. मावा दिसतो तरी. कसर मधले एखादे पान खाऊन, कव्हरला धक्का न लावता, सभ्य माणसासारखी निघून जाते.

हे वेड मामांना लागले कधी, याची तारीख सांगता येते. 12 जुलै 1961. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात मुठेला पूर आला. आजोबांचे बिऱ्हाड तेव्हा नदीच्या जवळ होते. मामा बारा वर्षांचे. माणसे वेळेवर बाहेर पडली. आजोबांची पुस्तकांची दोन कपाटे मागे राहिली. पाणी उतरल्यावर दार ढकलून पाहतात तो खोलीभर गुडघाभर गाळ आणि त्या गाळात आजोबांची पुस्तके! त्यांतली वीस-पंचवीस पुस्तके मामांनी धुऊन, पान पान सुटे करून, शेजारच्या गच्चीत दगडांखाली वाळवली. आठ-दहा वाचली. बाकीची गेली. आणि उपसून अंगणात टाकलेल्या त्या गाळाच्या ढिगावर श्रावणात कुणी न लावता गुलबक्षी उगवली. मामांनी ती डालड्याच्या डब्यात गाळासकट उचलली. पुढे आजोबांनी नदीपासून लांब, तेव्हाच्या गावाबाहेर, एक लहानसे बैठे घर बांधले, तिथे पहिले सामान पोचले ते ती आठ-दहा फुगलेली पुस्तके आणि तो डबा.

त्या घरामागच्या अडीच-तीन गुंठ्यांत मामांनी काय काय लावले त्याची यादी देत नाही. फुलबाग ज्यांच्याकडे आहे ते यादी वाचून खट्टू होतात आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना ती कंटाळवाणी वाटते. तरी सोनचाफा सांगायला हवा, कारण तो पुढे येणार आहे. आणि गुलाब. ऑक्टोबरमध्ये मामा गुलाबाच्या छाटणीला बसले की घरात कोणी त्यांच्याशी बोलत नसे. कात्री तिरकी धरायची, डोळ्याच्या वर पाव इंचावर काप घ्यायचा, डोळा बाहेरच्या अंगाला पाहणारा निवडायचा. त्या कामात ते जितके निर्दय होत तितके मी त्यांना एरवी कधी पाहिले नाही.

पुस्तकांचे म्हणाल तर मामा सरकारी खात्यात हिशेबनीस होते आणि 1970 नंतरची काही वर्षे त्यांनी मुंबईत काढली. तेव्हा फ्लोरा फाउंटनच्या आसपास फूटपाथवर जुन्या पुस्तकांची रांगच असे. 1864 सालचे ते कारंजे, वर रोमन लोकांची फुलांची देवता फ्लोरा उभी आणि खाली पायाशी पुस्तकांचे ढीग! मामांना ही आपल्यासाठीच केलेली सोय वाटे. जवळच हुतात्मा स्मारक झाले आणि चौकाचे नाव बदलले, पुढे पुस्तकांची ती दुकानेही बहुतेक उठली. पण मामांच्या तोंडी अजून "देवीच्या पायाशी घेतलं" हेच असते. वुड्रोचे बागकामाचे पुस्तक त्यांनी तिथेच घेतले. हा वुड्रो पुण्याच्या गणेशखिंड बागेचा अधीक्षक होता. फर्मिंजर नावाच्या पाद्र्याचे बागकामावरचे पुस्तकही तिथलेच. पाद्रीसाहेब बंगालच्या हवेचे सल्ले देतात आणि मामा समासात पेन्सिलीने त्यांना पुण्याची हवा समजावून सांगतात.

पण संग्रहातला राजा म्हणजे कुकची 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे'. थिओडोर कुक हा आयरिश इंजिनिअर. इकडे आला तो रेल्वेच्या कामावर. वसईच्या पुलाच्या बांधकामात होता. मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य झाला, आणि पूल, रस्ते शिकवता शिकवता झाडांच्या नादाला लागला. निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावर स्वस्थ बसायचे, तर क्यूच्या वनस्पती-उद्यानात बसून त्याने 1901 ते 1908 या काळात आपल्या मुलखातल्या वनस्पतींचा हा ग्रंथ लिहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याने तो तीन खंडांत पुन्हा छापला, ती 1958 ची प्रत मामांकडे आहे. कुक प्रत्येक झाडाचे वर्णन करतो, ते कुठे सापडले ते सांगतो, इथले लोक त्याला काय म्हणतात ते देतो आणि ते कोणत्या महिन्यांत फुलते तेही लिहितो. त्या महिन्यापुढे मामांची पेन्सिल. '1983, आठ दिवस उशिरा.' '1991, फुललाच नाही.' '2009, पाऊस लांबला, तरी वेळेवर. शाबास.' चाळीस वर्षे आमचे मामा एका मेलेल्या आयरिश माणसाला दर वर्षी असा हिशेब सादर करीत आले आहेत.

आणि भिंतीवर एक चौकट. तीत देव नाही, आजोबाही नाहीत. आहे एका छापील पानाची साधी नक्कल. मलबारचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने तिकडच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो ॲमस्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात छापला गेला. त्याला ज्या वैद्यांनी मदत केली त्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट असे तिघे कोकणी ब्राह्मण होते. त्यांनी 1675 साली लिहून दिलेले प्रमाणपत्र ग्रंथात त्यांच्याच भाषेत, नागरी लिपीत छापले आहे. "बघ, साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमला आपली अक्षरं!" हे मामांनी मला किमान पन्नास वेळा सांगितले असेल. मी मराठी शिकवतो, त्यामुळे मला हे माहीत नसणार, अशी त्यांची खात्री आहे.

आता मामांचा दोष सांगतो. रस्त्याने जाणारी अनोळखी बाई फाटकाशी थांबून "अनंताची फांदी मिळेल का हो?" म्हणाली, तर मामा हातातले ताट बाजूला सारून उठत, फांदी तर देतच, वर ती कशी लावायची यावर अर्धा तास देत. आणि सख्ख्या भाच्याने कुकचा दुसरा खंड आठ दिवसांसाठी मागितला, तर "इथं बसून वाच. मामी चहा करील." गेली वीस वर्षे मी इथे बसून वाचतो आहे. एकदा मी चिडून विचारले, "मामा, झाडं उधळता आणि पुस्तकं लपवता, हा काय न्याय?" मामा म्हणाले, "अरे, फांदी तोडून दिली तर झाडाला दोन नव्या फुटतात. पुस्तक दिलं तर कपाटात भोक पडतं." यावर मला उत्तर सुचले नाही. घरी येईपर्यंतही सुचले नाही.

गेल्या वर्षी घराच्या पुनर्विकासाचे ठरले. यात कोणी दुष्ट नाही, हे आधीच सांगतो. छप्पर तीन ठिकाणी गळत होते, मामींचे गुडघे जिना नको आणि पायऱ्या नको म्हणत होते, मुले दूरदेशी होती आणि दोन्ही बाजूंचे शेजारी तयार झाले होते. बिल्डरही मृदू बोलणारा. नकाशात मागच्या अंगाला हिरवा रंग पाहून मामांचा चेहरा उजळला. त्यांनी बोट ठेवून विचारले, "इथं माती किती खोल?" तो म्हणाला, "काका, खाली पार्किंग आहे. वर लॉन येईल, रेडीमेड." मामांनी नकाशाची गुंडाळी केली आणि सही केली. अट एकच घातली: ताबा पंधरा जूननंतर. पाऊस पडल्याशिवाय झाडे हलवायची नाहीत.

त्याच दिवसांत मी कुठेतरी रॅचेल मेलन या अमेरिकन बाईंची हकीकत वाचली आणि मामांना सांगायला गेलो. बाई 1910 साली जन्मल्या आणि 2014 साली, 103 वर्षांच्या होऊन वारल्या. वडिलांची श्रीमंती लिस्टरीन या गुळण्यांच्या औषधातून आलेली, नवरा तर अतिधनाढ्य. बागकामाचे रीतसर शिक्षण काही नाही. लहानपणापासून बागांची पुस्तके जमवायची, वाचायची आणि मातीत हात घालून पडताळून पाहायची. 1961 साली अध्यक्ष केनेडींनी त्यांना व्हाइट हाऊसची गुलाबबाग नव्याने करायला सांगितले आणि 1962 साली त्यांनी ती केली. मध्ये हिरवळ, कडेने फुलझाडे आणि चार कोपऱ्यांत चार मॅग्नोलिया.

"म्हणजे आपल्या सोनचाफ्याची चुलत भावंडं," मामा म्हणाले. शास्त्रज्ञ आता सोनचाफ्यालाही मॅग्नोलियाच म्हणतात, ते खरे आहे.

खणताना एक केबल तुटली, ती लष्करी इशाऱ्याच्या यंत्रणेची निघाली आणि धावाधाव झाली, असे बाईंनीच लिहून ठेवले आहे, हे मी सांगितल्यावर मामा मनापासून हसले. त्यांनी स्वतः दोनदा टेलिफोनची आणि एकदा शेजाऱ्यांची पाण्याची लाइन तोडली होती.

"आणि आता काय आहे तिथं?"

खरे तर हे सांगायचे मी टाळत होतो. 2025 साली ती हिरवळ काढून तिथे दगडी फरशी घातली. बायकांच्या उंच टाचा गवतात रुततात, हे एक कारण अध्यक्षांनी दिले.

मामांनी थोडा वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, "गुलाब?"

"कडेचे ठेवलेत."

"मग ठीक आहे. आणि बाईंची पुस्तकं?"

पुस्तके जागच्या जागी आहेत. व्हर्जिनियात ओक स्प्रिंग या आपल्या शेतावर बाईंनी त्यांच्यासाठी दगडी इमारत बांधली, ती 1981 साली पुरी झाली. शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखिते, फुलांची चित्रे, झाडांचे ग्रंथ, सगळे तिथे आहे; एक प्रतिष्ठान ते सांभाळते आणि अभ्यासक येऊन वाचतात.

"तिला इमारत बांधता आली," मामा म्हणाले आणि आपल्या सहा कपाटांकडे पाहू लागले. नव्या जागेच्या नकाशात पुस्तकांसाठी जागा एकच होती, बेडरूमच्या भिंतीतली, आणि तीही मामींनी रजयांसाठी धरून ठेवली होती.

त्यांनी सगळा संग्रह एका ग्रंथालयाला देऊ केला. तिथून यादी मागवली गेली. मामांनी रात्री जागून, हिशेबनीसाच्या टपोऱ्या अक्षरात, अठ्ठेचाळीस पानांची यादी केली. तीन महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: जागेअभावी स्वीकारता येत नाही. मी रागावलो. मामा रागावले नाहीत. ते दोन दिवस नुसते बागेत हिंडत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटांची दारे सताड उघडली.

त्यानंतर मामांनी जे केले ते पाहून मामींनीसुद्धा कपाळाला हात लावायचे सोडून दिले. ते रिक्षाने लोकांच्या घरी जाऊ लागले. रोप देताना ते "तुमच्याकडे ऊन किती तास येतं?" विचारीत, आता विचारू लागले, "कपाट कुठल्या भिंतीला आहे? पलीकडे न्हाणीघर नाही ना?" ओल असेल त्या घराला पुस्तक नाही. काचेच्या कपाटात शोभेसाठी ठेवणाऱ्यालाही नाही. वुड्रो गेला हडपसरकडे रोपवाटिका चालवणाऱ्या एका तरुणाकडे. त्याचे इंग्रजी बेताचे, पण त्याने पुस्तक हातात घेताच उलटे करून आधी बांधणी पाहिली, म्हणून मामा खूष. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' मामींच्या मैत्रिणीच्या नातीला. ती वनस्पतीशास्त्र शिकते आणि मराठी वाचायला कंटाळते. "लागेल," मामा म्हणाले, जसे कलमाबद्दल म्हणतात तसे. फर्मिंजर एका निवृत्त डॉक्टरांकडे गेला आणि महिन्याभराने मामा रिक्षा करून तो कसा आहे ते पाहायला गेले. डॉक्टरांनी त्याला प्लॅस्टिकचे कव्हर घातले होते. ते तिथल्या तिथे काढायला लावून मामा घरी आले.

चौकट तेवढी कुणाला दिली नाही. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट सध्या भाड्याच्या जागेत फ्रीजच्या वर आहेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चांगला पाऊस झाला आणि झाडे निघाली. गुलाब, अनंत, कुंद, जाई, कंद सगळे मुळाशी गोणपाट बांधून ज्याच्या त्याच्या घरी गेले. सोनचाफा हलण्यासारखा नव्हता. मामांनी वर्षभर आधी त्याच्यावर कलमे बांधून ठेवली होती. त्यांतली चार लागली. ज्या सकाळी जेसीबी यायचा होता त्या सकाळी मामी हातात काठी घेऊन गेल्या आणि पोचतील तेवढी फुले काढून घेऊन आल्या. मामा गेले नाहीत. ते भाड्याच्या जागेत तिसऱ्या मजल्यावर डब्यातल्या गुलबक्षीला पाणी घालत बसले होते. डबा अर्थात तो नव्हे, तो कधीच गंजून गेला; गुलबक्षी मात्र त्याच गाळातल्या गुलबक्षीची पणती.

त्या रात्री फोन आला. "उद्या येताना दोन पिशव्या घेऊन ये." बायकोने नेहमीप्रमाणे मातीवर पैज लावली आणि हरली. टेबलावर कुकचे तीन खंड वर्तमानपत्रात बांधून ठेवले होते. मी काही बोलणार तोच मामा म्हणाले, "तुझ्या कपाटामागं न्हाणीघर आहे, मला ठाऊक आहे. कपाट हलव, मग ठेव." मी कपाट हलवले. त्यासाठी पलंग हलवावा लागला, पलंगासाठी मुलीचे टेबल. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

गणपतीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा ते खंड माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसून चाळले. दुसऱ्या खंडात, वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांबरोबर, एक जुने पाकीट निघाले. आत अकरा बिया, काळ्या, छऱ्यासारख्या टणक. पाकिटावर मामांचे अक्षर: '2016. रोहिणीत पेरणे. नाव कुकमध्ये पाहणे, पान...' पानाचा आकडा कसरीने खाल्ला होता. तेवढाच.

मी फोन केला. मामांना काही आठवेना. रोहिणी नक्षत्र तर केव्हाच उलटून गेले होते. "तरी पेर," ते म्हणाले. "बी कडक असेल तर आधी पॉलिश पेपरवर जरा घास. मग रात्रभर कोमट पाण्यात." तसे केले. पंधरा दिवस काही नाही. नवरात्राच्या सुमारास एका सकाळी मुलगी ओरडली. अकरांतली तीन उगवली होती.

मी फोटो काढून पाठवला. मामांनी तो मोठा करून पाहिला असावा, कारण फोन यायला बराच वेळ लागला.

"कुठलं झाड आहे, मामा?"

"आत्ता काय सांगणार? ही नुसती बीची दलं आहेत. खरी पानं दोन येऊ देत."

"मग सांगाल?"

"मी कशाला? कुक तुझ्याकडे आहे. बघ. आणि हे बघ, पेन्सिल साधी वापर. शाईनं लिहू नकोस."